डिकीतली बेगमी

मे महिन्यात घरी पाहुणे आले, त्यांचं सामान ठेवायला मी गाडीची डिकी उघडली, की प्रश्न ठरलेला असतो. "वहिनी, एवढं काय काय घेऊन फिरता? आणि आम्ही आमच्या गाडीत काय ठेवावं?" शाळेतले सहकारी विचारतात, पुण्याची भावंडं विचारतात, नवी गाडी घेतलेला प्रत्येक जण विचारतो. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. पण आधी एक रात्र सांगावी लागेल, कारण माझी सगळी यादी त्या रात्रीतून आली आहे.

महाडला सावित्रीवरचा पूल पडला, त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. आषाढातला दिवस. सासूबाईंना चिपळूणला डोळे दाखवायला नेलं होतं. गुहागर ते चिपळूण साधारण ४५ किलोमीटर, रोजच्या पायाखालचा रस्ता. परतायला संध्याकाळ झाली. मार्गताम्हाने मागे पडलं आणि पुढे एका मोरीवरून लाल पाणी रस्ता ओलांडून चाललेलं दिसलं. मागे वळावं म्हटलं तर अर्ध्या किलोमीटरवर आकेशियाचं झाड आडवं पडलेलं. आम्ही मध्ये अडकलो. आमच्याबरोबर कराडहून भाजी घेऊन आलेला एक टेम्पो, दोन मोटरसायकली आणि लग्नाच्या बोलणीवरून परतणारं एक कुटुंब.

माझ्या गाडीत तेव्हा स्टेपनी आणि छत्री सोडून काही नव्हतं. फोनची बॅटरी संपत आलेली, पाण्याची बाटली रिकामी. साडेआठच्या सुमारास सासूबाईंना दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, बोलणं तुटक झालं. मधुमेहाची गोळी घेतलेली आणि दुपारनंतर पोटात काही नाही. साखर उतरली होती. माझ्या मनात एकच आलं, गाडी पाण्यात घालायची. एवढंसं तर पाणी दिसतंय, पलीकडे दहा मिनिटांवर वस्ती आहे. मी गाडी चालू केलीसुद्धा.

टेम्पोवाल्या मामांनी काचेवर थाप मारली. "पाणी उतरंल, ताई. घाई कशाला करताय?" मी कारण सांगितलं तसे ते धावत गेले आणि डब्यातून गुळाचा खडा आणि शेंगदाणे घेऊन आले. आजींना गूळ चघळायला दिला, मग पाणी, मग शेंगदाणे. पंधरा-वीस मिनिटांत त्या नीट बोलायला लागल्या. मामांनी कोरडं पोतं दिलं, ताडपत्री बांधून मोटरसायकलवाल्यांना आडोसा केला. पहाटे तीनला पाणी ओसरलं. त्यांच्या बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर मोरीपलीकडे उजव्या बाजूचा अर्धा रस्ता नव्हताच. डांबराची कड हवेत लोंबत होती.

तेव्हापासून मी गाडीत जे ठेवते ते थांबता यावं म्हणून ठेवते. कोकणात पावसाळ्यात माणसं पाण्यात गाडी घालतात ती धाडसापायी फार कमी वेळा. मूल भुकेलेलं असतं, फोन बंद पडलेला असतो, कपडे चिंब असतात, बाईमाणसाला आडोसा हवा असतो, आणि थांबणं असह्य होतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात जुना दगडी पूल गेला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्या चालकांना अंधारात काही कळायला मार्गच नव्हता. आपल्याला मात्र पुष्कळदा समोर पाणी दिसत असतं. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला उचलू शकतं, आणि लाल पाण्याखाली रस्ता आहे की नाही हे वरून कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून पहिली वस्तू स्टीलचा डबा. त्यात गूळ, शेंगदाणे, ग्लुकोजचा पुडा, ओआरएसची पाकिटं. स्टीलचाच हवा. प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या खाऊच्या वासाने उंदीर येतात, आणि आले की खाऊवर थांबत नाहीत, वायरी कुरतडतात. आमच्याकडे माडाखाली गाडी उभी करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. सोबत पाच लिटर पाण्याचा कॅन. हे पाणी मी आठवड्याला बदलते आणि जुनं जास्वंदीला घालते.

दुसरी वस्तू पाहून पाहुणे चकित होतात. सासूबाईंचं जुनं, धुऊन मऊ झालेलं नऊवारी लुगडं. नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. गाडीचे दोन दरवाजे उघडून मध्ये धरलं की बाईला आडोसा होतो, आणि घाटात तासन्‌तास वाहतूक अडकलेली असताना ही गरज किती मोठी असते ते बायकांनाच ठाऊक. मोडलेला हात गळ्यात बांधायला, भिजलेल्या मुलाला गुंडाळायला, काचेवर धरलेली वाफ पुसायला, रुतलेल्या चाकाखाली घालायला तेच. एकदा शृंगारतळीजवळ मोटरसायकल घसरून पडलेल्या मुलाचा पाय मी त्याच लुगड्याच्या पट्टीने दोन काठ्यांमध्ये बांधला होता. धुऊन ते पुन्हा डिकीत गेलं. महागड्या प्रथमोपचार पेटीत एवढी कामं करणारी एक वस्तू मला सापडलेली नाही.

पेटीही ठेवते अर्थात. जखमेची जाळी, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, कात्री, जंतुनाशक मलम, सॅनिटरी पॅड. पॅड मोठ्या जखमेवर दाबून धरायलाही उत्तम. साप-विंचवाचं औषध मात्र पेटीत ठेवण्यासारखं नसतं. विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध गुणकारी आहे हे आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, पण ते द्यायचं डॉक्टरांनीच. साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळायचं नाही. बांगड्या-अंगठ्या काढायच्या, हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. सर्पदंशाची लस कुठे मिळते ते आपल्या वाटेपुरतं तरी आधी विचारून ठेवावं. मी एका कागदावर चिपळूण, गुहागर आणि रत्नागिरीच्या रुग्णालयांचे नंबर लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून कप्प्यात ठेवले आहेत. ११२ आणि १०८ पाठ असतात, पण घाबरलेल्या माणसाला तेही आठवत नाहीत. गाडीच्या कागदपत्रांच्या झेरॉक्स त्याच पिशवीत, कारण फोनमधले कागद रेंज नसली की उघडतीलच असं नाही.

त्याच पिशवीत पाचशे रुपये, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडात वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. टॉवर बंद म्हणजे फोनवरून पैसे देणं बंद. घरात खात्यावर पैसे असूनही दूध घेता येईना, असं नातलग सांगत होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हाही तेच. जून ते सप्टेंबर मी गाडीची टाकी अर्ध्याखाली येऊ देत नाही, त्याचंही हेच कारण.

उजेडासाठी, पहिल्या पावसात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडायला जाणारी मुलं डोक्याला बांधतात तसली बॅटरी. हात मोकळे राहतात. सेल वेगळे ठेवायचे, नाहीतर ते आतल्या आत गळतात आणि ऐन वेळी बॅटरी पेटत नाही.

चाकाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथल्या जमिनीचा प्रश्न वेगळा आहे. पंक्चर झालं की जॅक लावतात, आणि पावसातल्या लाल मातीत जॅक खाली जातो, गाडी वर येत नाही. म्हणून जॅकखाली घालायला वीतभर रुंदीची जाड सागवानी फळी. आमचे रस्ते चढ-उताराचे, तेव्हा चाकाला लावायला लाकडाचे दोन ओंडके. जांभ्या दगडाचा चिरा मिळतोच, पण अंधारात शोधायला जाऊ नये, पायाखाली काय असेल सांगता येत नाही. खाऱ्या हवेने चाकाचे नट गंजतात, आणि गॅरेजमध्ये हवेच्या मशीनने आवळलेले असले की गाडीबरोबर आलेल्या पान्याने हलत नाहीत. लांब दांड्याचा क्रॉस पाना घ्या आणि एकदा घरच्या अंगणात, उन्हात, स्वतः चाक काढून पुन्हा बसवून बघा. मुलीलाही करायला लावा. स्टेपनीत हवा आहे का हे पाहणारी माणसं फार थोडी. गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा छोटा पंप असला तर हळूहळू हवा गळणाऱ्या टायरवर वस्तीपर्यंत पोचता येतं.

हाच पंप किनाऱ्यावरही लागतो. पुळणीवर गाडी नेऊच नका, हे मी प्रत्येक पाहुण्याला हात जोडून सांगते. तरी नेतात. रुतली तर एक्सिलेटर दाबत राहू नका, चाक आणखी खोल जातं. टायरमधली हवा बरीच कमी करा, चाकापुढची वाळू उकरा, गोणपाट घाला, हळू काढा, बाहेर आलात की पंपाने हवा पुन्हा भरा. आणि घड्याळ बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा आमच्याकडचा जुना हिशोब: चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. ढोबळ आहे, पण पाणी चढतंय की उतरतंय एवढं नक्की सांगतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा वेळ अजिबात हातात नसते.

दोर जाड नायलॉनचा, ओढण्याच्या हुकातच बांधायचा, बंपरला कधीच नाही. फांद्या तोडायला माझ्याकडे कोयता आहे. इथे प्रत्येक घराच्या पडवीत असतो, कुणाला नवल वाटत नाही. शहरातून येणाऱ्यांनी तो ठेवू नये, नाक्यावर उत्तरं देत बसावं लागेल. घडीची करवत घ्या. झाडाबरोबर विजेची तार आली असेल तर दोन्हींपैकी काहीच चालवू नका, लांब उभे राहा.

काही गोष्टी गाडीत ठेवू नयेत, याबद्दलही मी आग्रही आहे. मे महिन्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते. पॉवर बँक, सेंटचे फवारे, लायटर, सॅनिटायझर उन्हात गाडीत राहता कामा नये. पॉवर बँक मी पर्समधून नेते-आणते. इन्सुलिन तर गाडीत सोडूच नये. आणि अडकून पडलात की काचा बंद करून, एसी लावून झोपू नका. मागची नळी पाण्याने किंवा चिखलाने बुजली तर विषारी वायू आत येतो आणि त्याला वास नसतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, आतला रॉड वाकतो, आणि साध्या विमा पॉलिसीत हा खर्च सहसा मिळत नाही. उतरून बाहेर या, गाडी जाऊ दे.

हे सगळं तपासायला मी संकष्टी ठरवली आहे. चंद्रोदयाची वाट बघायचीच असते, तेवढ्यात डिकी रिकामी करायची. स्टेपनी, सेल, पाकिटांवरच्या तारखा, गुळाला मुंग्या लागल्यात का. मृगाच्या आधीच्या संकष्टीला वायपरची रबरंही बदलते, कारण उन्हाने चिरलेलं रबर पहिल्याच पावसात काच पुसायचं सोडून पाणी पसरवतं.

गेल्या महिन्यात भाचीने चिपळूणला नोकरी धरली आणि जुनी गाडी घेतली. तिनेही विचारलं, "मावशी, आधी काय घेऊ?" पंप आणि पाना ती पगार झाल्यावर घेईल. मी तिला कपाटातून माझ्या आईचं लुगडं काढून दिलं आणि गुळाचा डबा भरून दिला. डब्याच्या झाकणावर तिने स्वतःच्या हाताने पुढच्या संकष्टीची तारीख लिहिली.