माझ्या पणजीच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळवताना

सात फेऱ्या झाल्या. जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून त्या ऑफिसला जाऊन यायचं म्हणजे एसटीने अख्खा दिवस मोडतो. असे माझे सात दिवस गेले, ते आमच्याच मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचं, जुनं बाप्तिस्म्याचं (ख्रिस्ती दीक्षेचं) रजिस्टर तासभर बघायला मिळावं म्हणून. ऑफिस कोणतं ते लिहीत नाही, पण राग अजून गेलेला नाही.

झालं असं की तरुण संघाला चर्चमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड हवा होता. ज्येष्ठ म्हणाले, गीतांची पुस्तकं हातातून काढू नका. त्यावर दोन कमिट्या गेल्या. मग आमच्या मंडळीतल्या सगळ्यात थोरल्या आजी उठल्या. "माझ्या सासऱ्यानं पेटी आणली तवा बी लोक उठून गेले होते," म्हणाल्या आणि खाली बसल्या. खरंच आहे. कवी नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग-ओव्यांतून ख्रिस्त गायला, तेव्हा विलायती चालींवर वाढलेल्या कानांना तेही नवंच होतं. आज तीच आमची जुनी गीतं. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, तोडगा काढला. स्क्रीन लावू, पण पहिल्या रविवारी त्यावर आधी मंडळी उभी करणाऱ्या घराण्यांची नावं येतील. ती आणायचं काम मी घेतलं.

पहिल्या फेरीला कळलं की साधा अर्ज चालत नाही, पाळकांचं पत्र लागतं. पत्र नेलं, तर कमिटीचा ठराव हवा. ठराव नेला, तर त्यावर सेक्रेटरीची सही होती पण शिक्का नव्हता. चौथ्या वेळी कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते मीटिंगला गेलेले. पाचव्या वेळी अर्जच सापडेना. बाकावर दोन तास बसले. शेवटी साहेब म्हणाले, "ताई, शंभर वर्षांपूर्वीची नावं काढून करायचं काय? सोमवारी या." तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. ज्यांच्या नावांबद्दल ते बोलत होते त्यांनी भाऊबंद सोडले, विहिरीवरचं पाणी तुटलं तरी मागे फिरले नाहीत. त्यांची नावं एका गोदरेजच्या कपाटात, आणि ते उघडायला सोमवार लागतो. तो सोमवार सुट्टीचा निघाला.

म्हणून सांगते, प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर पोच घ्या. मी हे पाचव्या फेरीनंतर शिकले. शक्य असेल तर पाळकांनाच सोबत न्या. सातव्या वेळी आमचे पाळकसाहेब आले आणि दहा मिनिटांत कपाट उघडलं.

त्याआधी आपली मंडळी पूर्वी कुठल्या मिशनची (धर्मप्रचार करणाऱ्या संस्थेची) होती ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल या दोन प्रोटेस्टंट पंथांच्या मंडळ्या 1924 मध्ये एकत्र आल्या, पुढे 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अशा प्रत्येक बदलात कागद इकडचे तिकडे होतात. जालन्याजवळ ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती लोकांची वस्ती वसवली तेव्हापासूनचा हा पसारा आहे, एका जागी सगळं मिळेल असं धरून चालू नका.

रजिस्टर समोर आलं तेव्हा पहिली वीस मिनिटं मला काहीच सापडलं नाही. नावं इंग्रजीत, लिहिणाऱ्याच्या कानाला जशी ऐकू आली तशी. मग मी एकेक नाव हळू आवाजात म्हणून बघायला लागले आणि आमचं गाव सापडलं. साल 1901, मोठ्या दुष्काळानंतरचं. जुन्या नावाच्या रकान्यात पणजीचं माहेरचं नाव, जे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. पुढे बाप्तिस्म्याचं नाव. व्यवसाय, मजुरी. साक्षीदाराच्या जागी अंगठा, शाई तपकिरी झालेली, पण रेषा मोजता येतील इतक्या स्पष्ट. मी पानाला हात लावला नाही. मोबाइलचा फ्लॅश बंद करून फोटो काढला (तुम्हीही बंदच ठेवा) आणि शिक्क्याचा उतारा मागून घेतला.

स्क्रीनवर एकतीस नावं आली. पोरांनी कीबोर्ड थांबवला आणि आजींनी पुस्तक मिटून एकेक नाव मोठ्याने वाचलं, सासऱ्यांच्या नावाशी जरा थांबून. मग त्याच स्क्रीनवर गीत आलं आणि पेटी, कीबोर्ड दोन्ही वाजले. मला फार अभिमान वाटला.

पण त्या रजिस्टरच्या कडा कसरीने खाल्ल्यात, शेवटच्या पानांवर ओल आहे. अजून दोन पावसाळे ते टिकणार नाही. सगळं रजिस्टर स्कॅन करू द्या म्हणून परवा अर्ज दिलाय, पाळकांचं पत्र, ठराव, शिक्का, सगळं लावून. पोच माझ्या पर्समध्ये आहे.