ढाक लागला नाही तेव्हा

गुढीपाडवा झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात गावोगावच्या यात्रा सुरू होतात, आणि यात्रा म्हटली की कुस्तीचं मैदान आलंच. या मैदानांवर कुस्त्या जोडायचं काम मी करतो. लोक मला पंच म्हणून ओळखतात, पण कुणासमोर कुणाला उभं करायचं हे ठरवणं हेच माझं खरं काम. वरच्या पाच-सहा नंबरच्या कुस्त्या आधीच ठरतात, मल्लांचे फोटो पोस्टरवर झळकतात. बाकीच्या सगळ्या ऐन मैदानात जोडायच्या. दुपारी ऊन डोक्यावर असताना रेवड्यांवर लढणारी बारकी पोरं लांग कसून रांगेत उभी राहतात. तिथं वजनकाटा नसतो. मनगट हातात धरायचं, मानेवर पंजा ठेवायचा, दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करायचं आणि जोड लावायची.

माझ्या मते उगवता मल्ल घडतो तो जोडीवर. खुराक, जोर-बैठका, वस्तादाची नजर हे सगळं पाहिजेच. पण वयाच्या सोळाव्या ते विसाव्या वर्षात त्याच्यासमोर कोण कोण उभं राहिलं, यावर त्याचं पुढचं बरंच ठरतं. सतत हलकी जोड मिळाली तर पोरगं एकाच डावावर जगायला शिकतं. अवेळी भारी जोड मिळाली तर खांदा नाहीतर गुडघा जातो आणि भीती मात्र अंगात राहते. दोन्हीही पोरं मी पाहिलीत. त्यांतली बरीच आज तालमीत नाहीत.

वारणेकाठच्या एका गावातलं मैदान. यात्रा कमिटीनं तीन नंबरच्या कुस्तीला गावचं एक पोरगं घ्यायचं ठरवलं होतं. वय 17, वजन 70 किलोच्या आसपास. त्याचं नाव इथं लिहीत नाही, अजून लहान आहे. त्या हंगामात त्यानं आसपासची मैदानं गाजवली होती. सलामी झाली की खडाखडी, एक हिसका, आणि समोरचा आस्मान बघतोय. प्रत्येक वेळी ढाक हा एकच डाव. मोबाइलवर त्याच्या कुस्त्या फिरत होत्या, निवेदक त्याला भावी महाराष्ट्र केसरी म्हणू लागले होते. कमिटीला त्याच्यासमोर पोस्टरवर शोभेल असा मल्ल हवा होता, आणि त्यांनी सुचवलेला मल्ल 25 वर्षांचा, 90 किलोच्या वरचा. इनाम 51 हजार. “पोरगं मारतंय बघा, तुम्ही लावा तर खरं,” कमिटीतले एक बुजुर्ग मला म्हणाले.

मी लावली नाही.

त्या पोराच्या बऱ्याच कुस्त्या मी पंच म्हणून दोन हातांवरून पाहिल्या होत्या. ढाक त्याचा खरोखर सुरेख आहे. समोरच्याचा दंड काखेत कधी अडकला ते कळत नाही, कंबर आत जाते आणि पाय आडवा पडतो तो एकाच दमात. पण त्या सगळ्या कुस्त्यांत एकदाही तो खाली आलेला मी पाहिला नव्हता. कुणी त्याला चार-पाच मिनिटांच्या पुढं नेलंच नव्हतं. कान अजून कोवळे, मल्लांचे रगडून रगडून मोडतात तसा एकही मोडलेला नाही. मान भरलेली दिसते, पण त्या मानेवर कुणाचा गुडघा किती वेळ टिकला होता? ढाक लागला नाही तर हे पोरगं काय करतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या वस्तादालाही नाही.

म्हणून मी कोल्हापुरातल्या एका तालमीतला 20-21 वर्षांचा मल्ल सुचवला. वजन दोन-तीन किलोंनी जास्त, नाव फारसं नाही. त्याच्या निम्म्या कुस्त्या बरोबरीत सुटतात, म्हणून मैदानवाले त्याला घ्यायला नाखूश असतात. पण कंबर जड आणि दम लांब. बराच वाद झाला. शेवटी इनाम कमी करून, नंबर एकानं खाली आणून कुस्ती ठरली.

कुस्ती लागली तेव्हा दिवस कलला होता. हलगीनं जोर धरला, पाहुण्यांनी हात लावून दिले. पोरानं पहिल्याच मिनिटाला दंड काखेत घेतला आणि ढाक टाकला. मैदान उभं राहिलं. पण समोरच्यानं अंग पाठीमागं न नेता कंबर खाली सोडली, एक पाऊल बाजूला टाकलं आणि दंड सोडवून घेतला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. या वेळी पोराचाच तोल गेला आणि तो गुडघ्यावर आला.

यानंतरची दोन-तीन मिनिटं मी श्वास रोखून बघत होतो. अशा वेळी एकाच डावाचा मल्ल तिसऱ्यांदाही तोच डाव टाकतो, आणि तिथंच मार खातो. या पोरानं तिसऱ्यांदा ढाक टाकला नाही. हात आखडले, डोकं समोरच्याच्या छातीला लावलं आणि नुसता चाचपत राहिला. गर्दीतून “आरं मार की!” असा ओरडा सुरू होता. त्याला तो ऐकू येत असणार, हौद्यात सगळं ऐकू येतं. तरी त्यानं घाई केली नाही. मग अचानक खाली बसून एकेरी पटात शिरला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरायला गेला. पट कच्चा होता, डोकं चुकीच्या बाजूला होतं, पाय हातात आलाच नाही. उलट समोरच्यानं वरून दाब देत कब्जा घेतला.

पुढं सात-आठ मिनिटं पोरगं खाली होतं. समोरच्यानं त्याला उलटं पाडायला लांगेला हात घालून घिस्सा ओढला, एकदा, दोनदा. मी गुडघ्यावर बसून खांद्याकडं बघत होतो. त्याचं तोंड मातीत, नाकातोंडात तांबडी माती, पण डोळे उघडे आणि वरच्याचा हात शोधणारे. दुसऱ्या घिश्श्याला त्यानं समोरच्याचं मनगट धरलं आणि उलट्या बाजूला अंग टाकलं. निसटला नाही, पण पाठ लागू दिली नाही. हे त्याला कुणी शिकवलं नसावं, कारण तिसऱ्या घिश्श्याला त्यानं तेच जास्त सफाईनं केलं. पहिल्या खेपेला जे हाताला लागलं ते त्यानं तिथल्या तिथं पाठ केलं होतं.

वेळ संपली तेव्हा कुस्ती गुणांवर घेतली. जो आधी गुण मिळवेल तो विजयी. पोराचा दम संपला होता. पाय जड झाले, आणि समोरच्यानं पट काढून पाठीमागं जात गुण घेतला. पोरगं हरलं.

गाव नाराज झालं. ज्यांनी इनाम दिलं होतं ते मला बरंच बोलले. गावच्या पोराला गावच्याच यात्रेत पाडायची जोड लावली, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं दुःख मला कळतं. मैदानाचा पैसा लोकांच्या हौशीवर येतो, आणि लोकांना निकाल पाहिजे, तोही पाठ लावून. शिवाय आपल्याकडची नजर भारी अंगावर जाते. महाराष्ट्र केसरीचा गट 86 ते 125 किलोंचा, मोठं इनाम तिथं, मोठी गदा तिथं. पण ऑलिंपिकच्या मॅटवर आपलं नाव कुणी नेलं? गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी, 1952 ला हेलसिंकीत, 57 किलोत. त्याआधी 1948 ला लंडनला ते सहावे आले होते. तांबड्या मातीतला हा मल्ल गादीवरच्या, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीला नवखा होता. सहाव्यापासून तिसऱ्यापर्यंतच्या त्या चार वर्षांत त्यांनी जे नवं आत्मसात केलं ते मला त्यांच्या पदकाइतकंच मोठं वाटतं. अलीकडं पाटोद्याच्या राहुल आवारेनं 2018 ला राष्ट्रकुलात 57 किलोत सुवर्ण घेतलं आणि पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत 61 किलोत कांस्य. ही अंगं आपल्या मैदानात उभी राहिली तर किती जणांची नजर त्यांच्यावर ठरेल?

एक नंबरची कुस्ती संपायच्या आत पोराचे वस्ताद मला शोधत आले. रागावले असतील असं वाटलं होतं, पण त्यांनी सरळ विचारलं, “पंच, काय कमी पडलं ते सांगा.” मी म्हटलं, “वस्ताद, कमी पडलं ते मागाहून. काय आहे ते आधी ऐका.” दोनदा डाव फसल्यावर त्यानं वाट बदलली. खाली आल्यावर घाबरला नाही. मार खाता खाता शिकला. 17 व्या वर्षी हे मी फार कमी पोरांत पाहिलंय. मग कमी पडलेलं सांगितलं. दम. पटात शिरताना डोक्याची बाजू. आणि पुढचे काही महिने तालमीतल्या लढतींत ढाक पूर्ण बंद, म्हणजे बाकीचे डाव हाताला येतील.

पोरगं मागंच उभं होतं. हिरमुसलेलं होतं, पण कान आमच्याकडं होते. त्यानं एकच विचारलं, “दुसऱ्या वेळंला त्यांनी कंबर कुठं नेली? मला दिसलीच न्हाई.” मी तिथंच त्याला दंड धरायला लावला आणि पाऊल कुठं पडलं ते दाखवलं. नंतर तो ज्याच्याशी हरला त्या मल्लालाही जाऊन भेटला. त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही.

त्या कोल्हापूरच्या मल्लाबद्दलही सांगायला हवं, कारण त्या दिवशी त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. घिस्सा ओढताना एकदा पोराचा हात अंगाखाली वेडावाकडा अडकला होता. तिथं जोर लावला असता तर पाठ लागलीही असती, पण खांदा निखळला असता. त्यानं पकड सैल केली, हात मोकळा होऊ दिला आणि मग पुन्हा ओढलं. गर्दीला ती नुसती सुटलेली पकड वाटली. मी हातभर अंतरावर होतो. आता त्याला मी तीन मैदानवाल्यांकडं स्वतः सुचवलंय, बरोबरीच्या कुस्त्या मोजू नका असं सांगून.

कमिटीनं पुढच्या यात्रेसाठी पोराला आत्ताच धरून ठेवलंय, आणि पुन्हा मोठं पोस्टर, मोठं नाव असा आग्रह आहे. मी त्यांना सांगितलंय की आधी त्याला 74 किलोत गादीवर जिल्ह्याची निवड चाचणी खेळू दे. यात्रेसाठी माझ्या डोक्यात सांगलीकडचा एक डावखुरा मल्ल आहे. त्याचा दंड उजव्या काखेत सापडतच नाही, आणि पट काढल्याशिवाय त्याच्याशी कुस्ती होत नाही. वस्ताद तयार आहेत. कमिटी अजून विचार करतेय.