शिक्का कंपनीचा, हात कुणाचे?

इंग्लंडमध्ये बॉयलर किंवा गॅसच्या शेगडीचं काम धंदा म्हणून करायचं, तर त्या माणसाचं नाव 'गॅस सेफ' नोंदवहीत असावंच लागतं. फोटो असलेलं कार्ड त्याच्या खिशात असतं आणि तो कोणकोणतं काम करू शकतो हे कार्डाच्या मागे छापलेलं असतं. विजेचं तसं नाही. उद्या सकाळी मी एका व्हॅनवर 'इलेक्ट्रिशियन' असं रंगवून घेतलं, तर कायद्याने मला कुणी अडवू शकत नाही. आपल्याकडच्या नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांना पटत नाही. "तिकडे सगळं नियमाने चालतं ना?" चालतं की. नियम भरपूर आहेत. पण त्या नियमांनी नेमकं काय तपासलं जातं, ते विचारायला हवं.

मी मिडलंड्समधल्या एका हाउसिंग असोसिएशनमध्ये नोकरी करते. कमी भाड्याची घरं सांभाळणारी ही संस्था. आमच्या घरांमधल्या वायरिंगचे तपासणी अहवाल माझ्या टेबलावरून पुढे जातात. स्वतः मी कधी साधं सॉकेटही बसवलेलं नाही, पण असे कागद वाचून वाचून डोळा तयार होतो.

थोडं मागचं सांगते. इंग्लंड आणि वेल्समध्ये घरगुती वायरिंग बांधकाम नियमांच्या कक्षेत आलं ते १ जानेवारी २००५ पासून. त्या नियमाला इथे 'पार्ट पी' म्हणतात. त्याच्या काही महिने आधी, जुलै २००४ मध्ये, खासदार जेनी टाँग यांच्या मुलीचा स्वतःच्या स्वयंपाकघरात शॉक लागून मृत्यू झाला होता. भिंतीतून केबल तिरकी नेली होती आणि भांड्यांच्या लोखंडी रॅकचा स्क्रू नेमका तिच्यात गेला होता. केबल सरळ उभी किंवा आडवी न्यायची, म्हणजे पुढे खिळा ठोकणाऱ्याला अंदाज येतो, हे खरं तर या धंद्यातलं अगदी पहिलं शिक्षण.

पार्ट पी आल्यावर 'सक्षम व्यक्ती योजना' सुरू झाल्या. एनआयसीईआयसी, नॅपिट ही त्या चालवणाऱ्या संस्थांमधली मोठी नावं. नोंदणीकृत कंपनीने नवीन सर्किट टाकलं, फ्यूजचा बोर्ड बदलला किंवा बाथरूममध्ये काम केलं, तर काम नियमाप्रमाणे झाल्याचा दाखला तिचा तिलाच देता येतो. नोंदणी नसेल तर आधी स्थानिक कौन्सिलला कळवा, फी भरा, तपासणी करून घ्या. २०१३ मध्ये इंग्लंडने कळवायच्या कामांची यादी बरीच छाटली आणि स्वयंपाकघर त्यातून बाहेर पडलं. वेल्समध्ये ते अजून आहे. २००४ चा तो अपघात स्वयंपाकघरातलाच होता, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आता खरी मेख. या योजनांचं नाव 'सक्षम व्यक्ती', पण नोंदणी होते कंपनीची. कंपनीत एक पात्र सुपरवायझर असला की झालं. घरी येऊन भिंत फोडणारा, तारा जोडणारा मुलगा कोण, तो काय शिकलाय, हे त्या नोंदणीवरून कळत नाही. ट्रान्सपोर्टच्या मालकाकडे लायसन्स आहे म्हणून सगळ्या ट्रकमध्ये निर्धास्त बसावं, तसं हे आहे. योजनेचा तपासनीस साधारण वर्षातून एकदा येतो, कागदपत्रं आणि उपकरणं बघतो, दोनचार कामं बघतो. ती कामं कोणती, हे बहुतेक वेळा कंपनीच सुचवते. कोण स्वतःचं वाईट काम दाखवेल?

याची किंमत मोजली गेलेली आहे. डिसेंबर २००७ मध्ये वेस्ट ब्रॉमिचमध्ये २२ वर्षांची एक तरुण आई फ्लॅटमध्ये गळलेलं पाणी पुसताना शॉक लागून गेली. प्लास्टरबोर्डच्या मागे केबलला इजा झालेली होती. बांधकामानंतरच्या चाचणीत ती सापडायलाच हवी होती. पण ती चाचणी केली होती इलेक्ट्रिशियनच्या मदतनिसाने. त्याची ती पात्रता नव्हती. आणि सही होती सुपरवायझरची. त्या तरुणीच्या वडिलांनी नंतर बरीच वर्षं हा प्रश्न लावून धरला. अलीकडे सुपरवायझरच्या पात्रतेच्या अटी कडक झाल्यात, पण 'एक सही, अनेक हात' ही रचना मुळात तीच आहे.

शिक्षणाचं म्हणाल तर इथे दोन टोकं आहेत. एकीकडे चारेक वर्षांची अप्रेंटिसशिप आणि शेवटी 'एएम२' ही प्रात्यक्षिक परीक्षा, जी १९८५ पासून चालू आहे. उमेदवाराला काही दिवस एका खोपटात स्वतः वायरिंग करावं लागतं, त्याची चाचणी घ्यावी लागते, आणि मुद्दाम घातलेले दोष शोधावे लागतात. काम सुरू करायच्या आधी वीज नीट बंद करून, ती खरंच बंद झाल्याची खात्री केली नाही, तर बाकी सगळं सुबक असूनही नापास. दुसरीकडे काही आठवड्यांचे कोर्स, ज्यांच्या जाहिरातीत हसरे चेहरे आणि भरघोस कमाईची स्वप्नं असतात. अशा मुलांना जुने लोक कुचेष्टेने 'पाच आठवड्यांचे' म्हणतात. शिवाय वायरिंगच्या नियमांची परीक्षा आहे, 'अठरावी आवृत्ती' नावाची. दोन तासांत ६० बहुपर्यायी प्रश्न, पुस्तक उघडून. पुस्तकात पान चटकन सापडणं हे कौशल्य आहेच, पण ही परीक्षा पास झालेल्याने आयुष्यात पक्कड हातात धरलेली असेलच असं नाही.

तरी मी सगळा दोष कोर्सवाल्यांवर टाकणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या कामगारांमध्ये चाळिशीत बँकेतली नोकरी सोडून या धंद्यात आलेला एक गृहस्थ आहे. शंका आली की तो काम थांबवतो आणि फोन करतो. उलट अप्रेंटिसशिप पूर्ण केलेली काही मुलं वर्षानुवर्षं मोठ्या साइटवर फक्त केबल ओढत राहिलेली असतात. जुन्या घराचा बोर्ड उघडला की ती गोंधळतात.

मग खरं-खोटं कळतं कशावरून? माझ्यापुरतं उत्तर आकड्यांत सापडलं. ब्रिटनमध्ये सॉकेटचं सर्किट बहुतेक वर्तुळाकार असतं. बोर्डातून निघालेली केबल सगळ्या सॉकेटना भेटून परत बोर्डात येते. त्या केबलमध्ये वीज वाहणाऱ्या तारा २.५ चौरस मिलिमीटरच्या आणि अर्थिंगची तार १.५ ची असते. बारीक तारेचा विजेला होणारा विरोध जास्त, म्हणून मोजल्यावर अर्थिंगचा आकडा इतर दोघांच्या साधारण १.६७ पट यायला हवा. एका ठेकेदाराच्या अहवालात तिन्ही आकडे अगदी सारखे होते. पुढच्या फ्लॅटमध्येही तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. खुर्चीवर बसून भरलेले आकडे असे दिसतात. ठेकेदार रीतसर नोंदणीकृत होता, लोगो झकास होता.

आमच्या जुन्या इलेक्ट्रिशियनने जाऊन पुन्हा मोजलं. एका घरात वर्तुळ मध्येच तुटलेलं निघालं. आता गंमत बघा, तुटलं तरी प्रत्येक सॉकेट चालतो, कारण वीज दोन्ही टोकांनी येतच असते. राहणाऱ्या बाईंना काहीच जाणवलेलं नव्हतं. पण वर्तुळ तुटलं की एकेरी केबलवर सगळा भार येऊ शकतो, आणि बोर्डातला ३२ अँपिअरचा ब्रेकर त्या केबलला सोसवेल त्यापेक्षा जास्त प्रवाह जाऊ देतो. केबल भिंतीच्या आत तापत राहते. 'दिवा लागतोय ना, मग झालं' हे म्हणणं इथे साफ उताणं पडतं.

२०२० च्या नियमांनी खासगी भाड्याच्या घरांना दर पाच वर्षांनी अशी तपासणी सक्तीची केली. आता आमच्यासारख्या संस्थांच्या घरांनाही तोच नियम लागू होतोय. मागणी वाढली तशी स्वस्तात, झटपट अहवाल देणारी मंडळीही वाढली. आपल्याकडे वीजजोडणीच्या टेस्ट रिपोर्टवर कधी कधी नुसती सही-शिक्का मिळतो, ते वाचकांना नवीन नाही. इथे तेच पीडीएफमध्ये मिळतं, एवढंच.

आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, "चांगला इलेक्ट्रिशियन आहे का ओळखीत?" उत्तर ठरलेलं, "हा घे नंबर, रजिस्टर्ड आहे." मी मध्ये नाक खुपसते. घरी कोण येणार, त्याचं स्वतःचं शिक्षण काय, हे आधी विचार. चाचणी तोच करणार की दुसरा कुणी? अहवालात प्रत्येक सर्किटचे आकडे असतील का? आणि भाड्याच्या घराची तपासणी असेल तर ओव्हनच्या घड्याळाकडे लक्ष ठेव. इन्सुलेशनची, म्हणजे तारांवरचं आवरण शाबूत आहे का ते बघणारी चाचणी वीज बंद करूनच होते. तपासनीस चहा पिऊन निघून गेला आणि घड्याळ एकदाही शून्यावर आलं नाही, वायफाय एकदाही गेलं नाही, तर बहुतेक ती चाचणी झालेलीच नाही.

एका ओळखीच्या वहिनींनी परवा हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, पण तो पन्नास पौंड कमी घेतोय." मी त्यांना म्हटलं, बोलवा, पण अहवाल आला की पैसे देण्याआधी मला पाठवा.