मजकूर कधी देताय?

वेबसाइट करणाऱ्या कुणालाही विचारा, काम अडतं कुठे? कोडिंगपाशी नाही, पैशापाशीही फारसं नाही. अडतं ते मजकुरापाशी. डिझाइन झालेलं असतं, रंग ठरलेले असतात, वरच्या कोपऱ्यात लोगो झळकत असतो आणि त्याखाली 'लोरेम इप्सम' म्हणून ते निरर्थक लॅटिन पसरलेलं असतं. त्या लॅटिनच्या जागी चार ओळी मराठी यायला महिना जातो.

माझ्या मामांचं बेळगावच्या शहापुरात कुंद्याचं, म्हणजे आटवलेल्या दुधाच्या मिठाईचं, दुकान आहे. टिळकवाडीतला एक हुशार पोरगा त्याची वेबसाइट करतोय, आणि मजकूर द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण घरात लिहिणारी म्हणून मीच. पोराचा रोजचा मेसेज ठरलेला, "मॅडम, मजकूर कधी देताय?" मामांचाही रोजचा प्रश्न ठरलेला, "तो पोरगा अजून काय करूलाय गे?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर. मामांना वाटतं, यात लिहायचं ते काय? दुकान वर्षानुवर्षं त्याच गल्लीत आहे, सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. पण जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कुठंच लिहून ठेवलेलं नसतं, आणि वेबसाइटला तेवढंच हवं असतं.

साधा पत्ता घ्या. मामा फोनवर पत्ता सांगतात तो असा: "टॉकीजच्या मागनं या, बोळातनं आत, वास येईल तिथं थांबा." ती टॉकीज पाडून जमाना झाला. बेळगावचा माणूस तरीही बरोबर येतो, कारण त्याच्या डोक्यातली टॉकीज अजून उभी आहे. पुण्याहून आलेल्या सुनेचं काय? नकाशावर खूण टाकायची म्हटल्यावर कळलं, तिथं दुकानाची खूण आधीच आहे, कुणा भल्या गिऱ्हाइकानं टाकलेली, पण पलीकडच्या गल्लीत. शिवाय गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावी. पण मुंबईकडचा माणूस कुंदा शोधताना 'बेळगाव कुंदा' असंच टाइप करणार. पानावर दोन्ही नावं ठेवली. यावर कुणाला भांडायचं असेल तर दुकानात यावं, बसायला बाकडं आहे.

मग फोटो. कुंद्याचा फोटो काढणं हे भल्याभल्यांचं काम नाही. दूध आटवत, साखर घालून, ढवळत ढवळत ते तपकिरी दाणेदार होईपर्यंत कढईजवळ उभं राहावं लागतं. चव तिथं तयार होते, रूप मात्र होत नाही. ट्यूबलाइटखाली फोटो काढला तर ओल्या मातीचं ढेकूळ दिसतं. शेवटी सकाळी माडीवरच्या खिडकीत, फ्लॅश बंद करून, पांढऱ्या बशीत काढला. पोरगा म्हणाला, वर चार काजू लावू, उठाव येईल. मामांनी मान हलवली. "आपण काजू घालत नाही. उद्या डबा उघडला की विचारतील, काजू कुठं गेले?" जाहिरातशास्त्रावरची जाडजूड पुस्तकं एका वाक्यात मिटली. काजूविनाच फोटो गेला. तो मूळ ५-६ एमबीचा होता. पोरानं दाबून दोनशे केबीच्या आत आणला. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात रेंजची काय कथा असते हे ज्याला माहीत आहे तोच हे आठवणीनं करतो.

सगळ्यात जास्त वाद झाला तो कुंदा किती दिवस टिकतो यावर. दुधाचा पदार्थ, तारीख छापायलाच हवी. मामांचं उत्तर: "टिकायला तो घरात राहतोय कुठं?" हे खरं असलं तरी डब्यावर छापता येत नाही. मग थंडीत किती, मे महिन्यात किती, फ्रिजमध्ये किती, कुरिअरच्या गाडीत किती, असं एकेक करत त्यांच्याकडून काढून घेतलं. मोजलेलं त्यांनी कधीच नव्हतं, पण माहीत सगळं होतं. मांडे कुरिअरनं पाठवायचे का, असं विचारलं तेव्हा मात्र ते एका शब्दात मोकळे झाले: "नाही." पालथ्या भांड्यावर भाजलेली ती तलम घडी कुरिअरवाल्यानं एकदा आपटली की उरतो तो चुरा. मांडे वेबसाइटवर दिसतील, घ्यायला दुकानातच यावं लागेल.

आता गंमत. मामा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत होते. उलाढालीवर एक टक्का भरायचा, गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही, कागदपत्रं कमी. छोट्या दुकानदाराला सोयीचीच. पण या योजनेत राहून माल राज्याबाहेर विकता येत नाही. आमच्याकडं राज्याबाहेर म्हणजे कुठं? महाराष्ट्रातलं शिनोळी. इथून जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर. चंदगड तालुक्यातली माणसं बाजाराला, दवाखान्याला, लग्नाच्या साड्यांना बेळगावातच येतात. त्यातल्या कुणी दुकानात येऊन किलोभर कुंदा उचलला, तर ती विक्री कर्नाटकातली. त्याच माणसानं तोच कुंदा घरबसल्या मागवला, की व्यवहार आंतरराज्य. आणि पाचशे किलोमीटरवरचं बेंगळुरू? ते घरचं. मामांचा जीएसटी नंबर कर्नाटकाच्या २९ नं सुरू होतो, पलीकडच्यांचा महाराष्ट्राच्या २७ नं. या सीमेवरून आमच्याकडं १९५६ पासून काय काय बोलून झालं. ती अशी शॉपिंग कार्टात येऊन बसेल असं कुणाला वाटलं असेल? सीएंनी सांगितल्यावर मामा कंपोझिशनमधून बाहेर पडले. सही करताना म्हणाले, "शिनोळीला पाठवायला एवढं?"

भाषा तीन ठेवल्यात, मराठी, कन्नड, इंग्रजी. दुकानाच्या पाटीवर कन्नडला ६० टक्के जागा हे कायद्यानं ठरलेलं आहे. वेबसाइटवर प्रत्येक भाषेला आख्खं पान मिळतं, त्यामुळं टेपनं मोजायला कुणी येत नाही. कन्नड मजकूर पोरगा मशीनकडून करून घेणार होता. मी तो काउंटरवरच्या मुलाला वाचायला दिला. तो बैलहोंगलचा. दोन ओळी वाचून त्यानं इतक्या अदबीनं विचारलं, "अक्का, हे कुणाला सांगायचं आहे?" की मग त्यालाच लिहायला बसवलं. मराठी पानाचीही एक गोष्ट पोराकडून शिकले: पानाच्या कोडात भाषा मराठी म्हणून नोंदवली, की चांगल्या फॉन्टात 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात आणि आपलंच दुकान पाहुण्यासारखं वाटतं. 'गिऱ्हाईक' मधला र नीट बसतो का, तेही बघून घ्यावं. बरेच फॉन्ट तिथं पडतात.

डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, नाव मामांना देवनागरीत हवं होतं, शेवटी '.भारत' लावून. २०१४ पासून ती सोय आहे. पण अजूनही कितीतरी फॉर्म असा पत्ता घेत नाहीत, म्हणून '.इन' घेतलं. मी हट्ट धरला तो वेगळ्याच गोष्टीसाठी: डोमेन मामांच्याच नावावर, मामांच्याच ईमेलवर. दुकानाची जागा दुसऱ्याच्या नावावर कुणी घेतं का?

ऑनलाइन विकायचं म्हणजे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव, फोन, ईमेल पानावर. तक्रारीची पोच ४८ तासांत, निकाल महिन्याच्या आत. मामा आधी हसले, "तक्रार असली तर समोरनंच शिव्या घालतात की!" मग एकमतानं मामींची नेमणूक झाली. घरातल्या तक्रारी त्या मुळातच ४८ तासांच्या आत निकालात काढतात, तेही बहुतेक वेळा तक्रारदाराच्या विरोधात. इथं जरा सबुरीनं घ्या, एवढंच सांगितलंय. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा, १४ अंकी नंबर तळाला टाकला. आणि साइट बनत असताना शोधयंत्रांना 'इकडं बघू नका' सांगणारी जी ओळ असते, ती सुरू करण्याच्या दिवशी काढायची, हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पोराच्या लॅपटॉपवर चिकटवलं. ती राहिली तर दुकान उघडं आणि शटर खाली.

मुहूर्त पोरानं दिवाळीच्या आधीचा धरला होता, धंद्याचे दिवस म्हणून. मामांनी तो तुळशीच्या लग्नापुढं ढकलला. दिवाळीत भट्टीवर हात रिकामा नसतो, समोरच्या रांगेलाच माल पुरत नाही. तेव्हा पोरानं जरा मोठेपणानं सांगितलं, "काका, वेबसाइटला रांग नसते, एकाच वेळी कितीही ऑर्डर घेते."

मामा एवढ्या वेळात पहिल्यांदाच नीट सरसावून बसले. "आणि कढई?"

दिवसाला दूध किती येतं, त्यात कुंदा किती बसतो, हा हिशोब त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर मांडून दाखवला. पोरानं मग आकडा टाकायला एक रकाना केला आणि शेजारी एक लाल बटण: 'आजचा माल संपला'. सगळ्या वेबसाइटमध्ये मामांना मनापासून आवडलेली गोष्ट ती. बटण दाबलं की पान बदलतंय हे कळल्यावर त्यांनी ते स्वतः दाबून पाहिलं, मामींना बोलावून दाखवलं, आणि मग बैलहोंगलच्या मुलाला म्हणाले, हे कन्नडमध्ये पण लाव.