धार दिसते, पण दाब पुरेसा आहे का?

आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून बसवलेले इंजिन) सुरू केली की बहुतेक जण मागे वळून इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार पाहतात आणि ती दिसली की निश्चिंत होतात. माझ्या मते हा दिलासा अपुरा आहे. ती धार म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी आत फिरणाऱ्या पाण्याचा एक लहानसा फाटा असतो. पंप पाणी उचलतो आहे एवढेच तिच्यावरून कळते, पूर्ण वेगात सिलिंडरभोवती पुरेसे पाणी पोहोचते की नाही, हे कळत नाही. उलट तिच्या छिद्रात क्षार साचले किंवा एखाद्या किड्याने घर केले, तर आतला दाब उत्तम असतानाही धार बंद पडते. म्हणूनच पाण्याचा दाब दाखवणारा गेज बसवावा, असे मी आग्रहाने सांगतो. तापमानाचा भोंगा वाजतो तोवर इंजिन तापलेले असते. काटा मात्र बऱ्याचदा त्याआधीच हलतो.

पाणी ओढणारा रबरी इम्पेलर, म्हणजे पंपातले पात्यांचे चाक, गिअरकेसच्या (मोटरीच्या तळाशी असलेल्या गिअरच्या पेटीच्या) वर, ड्राइव्हशाफ्टवर (इंजिनाची गती खाली नेणाऱ्या दांड्यावर) बसवलेला असतो. मंद गतीत त्याची पाती पंपाच्या कवचाच्या भिंतीला घासत पाणी पुढे ढकलतात. गती वाढली की ती आत वाकतात आणि पाणी मुख्यतः फिरण्याच्या जोराने फेकले जाते. त्यामुळे दाब आरपीएमबरोबर (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांबरोबर) बदलतो आणि सगळ्या मोटारींना लागू पडेल असा एकच सुरक्षित आकडा सांगता येत नाही. मंद गतीत काटा शून्याच्या जवळ असणे अनेक मोटारींत स्वाभाविक असते, तर पूर्ण वेगात 10 ते 20 पीएसआय (प्रति चौरस इंच पौंड) हा दाब पुष्कळ ठिकाणी आढळतो. निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादा पाहाव्यात आणि इंजिन निरोगी असताना ठरावीक आरपीएमला दिसणारे आकडे वहीत लिहून ठेवावेत.

त्याच आरपीएमला दाब हळूहळू उतरत गेला, तर इम्पेलर किंवा त्याखालची पट्टी झिजली असावी. अचानक उतरला, तर पाणी घेणाऱ्या जाळीवर शेवाळ वा प्लॅस्टिक चिकटले आहे का, मोटर फार उंच बसवली आहे का, ट्रिम (मोटरीचा कल) जास्त वर घेतल्याने पाण्याबरोबर हवा ओढली जाते का, हे पाहावे. याउलट, दाब वाढलेला आणि इंजिनही गरम, ही जोडी मला अधिक गंभीर वाटते, कारण तेव्हा पंप काम करत असतो, पण पुढची वाट क्षारांनी किंवा अडकलेल्या थर्मोस्टॅटमुळे (तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेमुळे) अरुंद झालेली असते. अशा वेळी नवा इम्पेलर बसवून काहीच साधत नाही.

इम्पेलर बदलताना जुन्याची पाती मोजावीत; एखादा तुकडा कमी असेल, तर तो पुढच्या वाटेत अडकलेला असू शकतो आणि तो काढल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये. मोटर पाण्याशिवाय क्षणभरही चालवू नये, कारण पात्यांना वंगण पाण्याचेच असते आणि कोरडे रबर काही सेकंदांत जळू लागते. दुरुस्तीनंतर नळ जोडून दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नये, कारण त्यात नळाचा दाब मिसळलेला असतो; बोट पाण्यात उतरवून, मंद गतीपासून पूर्ण वेगापर्यंत टप्प्याटप्प्याने वाचन घ्यावे आणि ते वहीतल्या जुन्या आकड्यांशी ताडून पाहावे.