हायड्रा ते टेलिहँडलर: आमची वाटचाल

आमचा धंदा सुरू झाला एका जुन्या हायड्रावर, म्हणजे हुकला माल लटकवून चालणाऱ्या छोट्या क्रेनवर. चाकण एमआयडीसीत शेड उभारणीची कामं, बरं चाललेलं. पण हायड्राला माल लटकलेला असतो, त्यामुळे ब्लॉकचा पॅलेट दुसऱ्या मजल्यावर स्लॅबच्या आत ठेवायचा म्हटलं की खाली दोघं दोरी धरून, वर दोघं ओढतायत, नुसता आरडाओरडा. म्हणून मग कर्ज काढून सेकंडहँड टेलिहँडलर घेतलं, म्हणजे पुढे-मागे लांबणारा दांडा (बूम) आणि त्याच्या टोकाला माल उचलायचे काटे (फोर्क) असलेली गाडी. जेसीबीचं ५३०-११०, म्हणजे ३ टन वजन आणि ११ मीटर उंची.

या आकड्यावरूनच रोज वाद. पार्टी फोनवर म्हणते तीन टनाचं आहे ना, मग पाठवा की! अहो दादा, तीन टन बूम आत असताना. बूम जसजसा पुढे काढाल तसं वजन पुढच्या चाकांपासून लांब जातं आणि मागचा भाग हलका व्हायला लागतो, पूर्ण पुढे काढल्यावर त्या तीन टनाचा अर्धासुद्धा राहत नाही. त्यामुळे आम्ही बुकिंगलाच विचारतो, माल किती किलो, किती उंच आणि चाकापासून किती आत ठेवायचाय. तिसऱ्याचं उत्तर कुणाकडेच नसतं, मग आमचा ऑपरेटर टेप घेऊन मोजून येतो आणि केबिनमधल्या लोड चार्टशी, म्हणजे बूम किती लांब असताना किती वजन चालेल त्या तक्त्याशी, जुळवतो. भरावाची जमीन असेल तर स्टॅबिलायझरखाली (गाडी स्थिर राहायला जमिनीवर टेकवतात ते पाय) लाकडी स्लीपर, आणि माल उचलून चालायचं तर बूम खाली, फोर्क मागे झुकवलेले.

एका साईटवर गाडी पुढे झुकायला आल्याचा इशारा देणारा बझर वाजला, तर सुपरवायझर म्हणाला, बंद करून टाका. ऑपरेटरने ऐकलं नाही. लाल दिवा लागला की माणसाला वाटतं बूम खाली घ्यावा, पण वर उभा असलेला बूम तसाच खाली आणला की माल अजून पुढे जातो, गाडी तिथेच नाक टेकते. आधी बूम आत, मग खाली. त्याने तेच केलं, माल उतरवला नि गाडी घेऊन परत आला. त्या कामाचं बिल अजून अडकलंय, पण ऑपरेटरला मी एक शब्द बोललो नाही.

फोर्कवर पॅलेट टाकून माणूस वर पाठवा म्हणणारे महाभाग तर दर आठवड्याला भेटतात, त्यांना सरळ नाही.

आता १७ मीटरचं मशीन बघतोय. पैशाची सोय होईल, पण चार्ट वाचणारा अजून एक ऑपरेटर मिळत नाहीये, तोवर डिलरला थांबवलंय.