परदेशी प्रोटोकॉल आणि मुंबईचा दवाखाना: माझा अनुभव

गोळ्या चालू असूनही ज्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, अशा रुग्णांवर आमचा अभ्यास होता. इकडून आमचा पीएसएम म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभाग, तिकडून ब्रिटनमधलं एक विद्यापीठ. पैसा त्यांचा, रुग्ण आमचे. अशा प्रकल्पात खटके पैशावरून उडतात असं ऐकलं होतं. आमचा पहिला खटका उडाला यादीवरून.

प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, लिहिलं होतं, जीपीच्या म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या यादीतून रुग्ण निवडावेत. तिकडे माणूस एका जीपीकडे नोंदलेला असतो. गोवंडीतला माणूस सकाळी पालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढतो, रांग मोठी दिसली की संध्याकाळी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. तो एमबीबीएस की बीएचएमएस, हे विचारत बसत नाही. तिथून कागदाच्या पुडीत सुट्ट्या गोळ्या मिळतात. मग ‘कोणतं औषध चालू आहे?’ या प्रश्नाला उत्तर येतं, ‘ती पांढरी, छोटी, सकाळची.’ यादी नाही म्हणजे नक्की काय, हे पटवण्यात कितीतरी व्हिडिओ कॉल गेले. शेवटी आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन रुग्ण शोधायचं ठरलं, आणि गोळ्यांच्या पुड्या समोर ठेवून घ्यायच्या, हेही.

दुसरा वाद प्रश्नावलीचा. डॉक्टरांनी तपासतानाच ती भरून घ्यावी, असा त्यांचा आग्रह. 2017 साली बीएमजे ओपन या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 67 देशांतल्या तपासणीच्या वेळेचा आढावा आला होता: बांगलादेशात 48 सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, भारतात जेमतेम दोन. तो लेख पाठवला आणि प्रश्नावली डॉक्टरांच्या खोलीतून बाहेरच्या बाकावर आली. आपलं म्हणणं परदेशी नियतकालिकात छापून आलेलं असलं की लवकर पटतं, हेही तेव्हाच कळलं.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी संस्थेची एथिक्स कमिटी, मग आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीकडे अर्ज. दरम्यान तिकडच्या कमिटीला आमचं मंजुरीपत्र आधी हवं होतं, आमच्या कमिटीला त्यांचं. रक्ताचे नमुने परदेशी पाठवायचा बेत आम्हीच काढून टाकला. तपासण्या इथेच केल्या आणि एक मोठी फाइल टळली. पैशाचा गुंता मात्र खरा होता. निधी एका स्वयंसेवी संस्थेकडे येणार होता आणि तिने त्यातला वाटा मानखुर्दच्या एका छोट्या संस्थेला द्यायचा होता. 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या परदेशी निधीच्या कायद्याखाली आलेला पैसा असा पुढे देता येत नाही. मानखुर्दच्या संस्थेतल्या बायकांना मग थेट मोठ्या संस्थेच्या पगारावर घ्यावं लागलं. त्यांचा त्यात तोटा झाला नाही, त्यांच्या संस्थेचा झाला.

इतकं करून मिळालं काय? माझ्या मते सगळ्यात मोलाचं मिळालं ते त्यांच्या संख्याशास्त्रज्ञ बाईंकडून. पहिल्या महिन्याचे आकडे पाहून त्यांनी एवढंच विचारलं, ‘तुमच्या दवाखान्यात सगळ्यांचा रक्तदाब शून्यावरच कसा संपतो?’ 130/80, 140/90, 150/100. पाऱ्याच्या यंत्रावर नजरेने वाचायचं आणि जवळच्या दहावर न्यायचं, ही सवय इतकी मुरलेली की ती आमच्यापैकी कुणाला खटकलीच नव्हती. 138 चा 140 झाला की औषध वाढवायचं की नाही, हा निर्णयच बदलतो. त्यानंतर डिजिटल यंत्रं आली, आधी पाच मिनिटं बसवणं आलं, दोनदा मोजणं आलं. दवाखान्यातल्या सिस्टर वैतागल्या, पण अभ्यासाबाहेरच्या रुग्णांनाही त्या आता तसंच मोजतात.

बैठका संध्याकाळी साडेसातला. ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठला. पाठपुराव्याची दुसरी फेरी नेमकी गणपतीत आली. निम्म्या घरांना कुलूप पाहून तिकडून विचारणा झाली, एवढे रुग्ण सोडून का गेले? सोडून कुठले, गावी गेले होते. तारीख पंधरा दिवसांनी पुढे नेली, बहुतेक सगळे सापडले.

आता दुसऱ्या प्रकल्पाची बोलणी सुरू आहेत. लेखकांच्या नावांचा क्रम आणि माहितीवरचा हक्क करारातच लिहून घेतोय. शिवाय प्रोटोकॉल लिहायला बसण्याआधी त्यांच्या दोघांनी गोवंडीच्या दवाखान्यात आठवडाभर बसावं, अशी अट घातली आहे. प्रवासखर्च त्यांच्या बजेटमधून.